आधी १८ व्होल्ट बघा

प्रश्न : ताई, माझं आयटीआय झालंय आणि गावात दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. २००० वॅटची एक इंडक्शन शेगडी पूर्ण बंद अवस्थेत आली. फ्यूज आणि आयजीबीटी (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा मोठा ट्रान्झिस्टर) उडाले होते. दोन्ही नवीन टाकले, शेगडी सुरू झाली, पण पातेलं ठेवल्यावर थोड्याच वेळात पुन्हा फट्! मग ब्रिजही (एसीचं डीसी करणारा भाग) बदलला, तरी तेच. आता काय बघू? (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : तिसरा आयजीबीटी आणायला जाऊ नका. तुमच्या प्रश्नात फ्यूज आहे, ब्रिज आहे, पण १८ व्होल्टचा उल्लेख कुठेच नाही, आणि माझा संशय नेमका तिथेच आहे.

या शेगडीत दोन सप्लाय असतात. मोठा सप्लाय ब्रिजमधून निघून ३०० व्होल्ट डीसीच्या आसपास कॉइलला जातो. छोटा सप्लाय बोर्डाच्या कोपऱ्यात १८ आणि ५ व्होल्ट तयार करतो. ५ वर मायक्रोकंट्रोलर आणि डिस्प्ले चालतो, १८ वर पंखा आणि आयजीबीटीचं गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा पाय. आता १८ च्या जागी १२-१३ च मिळाले तर? शेगडी बीप देते, आकडे दाखवते, पंखाही फिरतो. पण गेटला जोर कमी पडतो, आयजीबीटी पुरता ऑन होत नाही, तापतो आणि फुटतो. तुमचा थोडा वेळ चालून गेला, म्हणून मला तापण्याची शंका जास्त येते. गेटला सिग्नल देणारा ड्रायव्हर शॉर्ट असता तर प्लग लावताक्षणीच गेला असता.

उडालेला आयजीबीटी काढून टाका आणि जागा रिकामीच ठेवा. नवीन फ्यूज घाला आणि १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून सप्लाय द्या. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. भरपूर पेटून राहिला तर ब्रिज, व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अडवणारा भाग) किंवा ५ मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर अजून शॉर्ट आहे.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. या बोर्डाचा ग्राउंड मेन्सपासून वेगळा केलेला नसतो. ५ व्होल्टची तार म्हणून बोट लावलंत तरी २३० चा झटका बसू शकतो. मीटरचे प्रोब आधी जोडा, मग स्विच ऑन करा. बंद केल्यावरही मोठे कपॅसिटर बल्ब लावलेल्या होल्डरच्या तारांनी डिस्चार्ज करून, मीटरवर शून्य दिसल्यावरच हात घाला.

काळा प्रोब ब्रिजच्या मायनसला ठेवून १८ व्होल्टच्या फिल्टर कपॅसिटरवर मोजा. कमी दिसलं तर पंख्याचा कनेक्टर काढून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर पंखाच सप्लाय खातोय. नाही आला तर तिथले २२०-४७० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. हीटसिंकच्या गरम हवेत ते सुकतात. वरून फुगलेले दिसतीलच असं नाही.

१८ मुळीच नसेल तर व्हायपर १२ए किंवा त्या जातीची आठ पायांची आयसी शोधा. व्हायपरच्या ५ ते ८ या पायांवर ३०० व्होल्ट आहेत का बघा. नसतील तर आधीचा डायोड किंवा फ्युजिबल रेझिस्टर ओपन आहे. असतील, तर ४ नंबरच्या पायावर बघा. तिथे मीटर साधारण ८ ते १४ च्या मध्ये सारखं वरखाली करत असेल, तर आयसी सुरू व्हायचा प्रयत्न करतेय आणि पुढे शॉर्ट आहे किंवा तिचा स्वतःचा सप्लाय तुटलाय. लगेच आयसीला दोष देऊ नका.

१८ आणि ५ पक्के झाले की आयजीबीटीच्या रिकाम्या जागी गेटच्या पॅडवर मोजा. स्टँडबायमध्ये तिथे जवळपास शून्य हवं. १८ दिसले तर ड्रायव्हरचे छोटे ट्रान्झिस्टर तपासा. गेटवरचा झेनर आणि कॉइलजवळचा ०.२७ किंवा ०.३३ मायक्रोफॅरड, १२०० व्होल्टचा कपॅसिटरही मीटरवर घ्या. या कपॅसिटरचे मायक्रोफॅरड घटले तर आयजीबीटीवर जास्त व्होल्टेज येतं.

एवढं झाल्यावरच नवीन आयजीबीटी, तोही खात्रीच्या दुकानातून. जुने काढून, पुसून, नवा नंबर छापलेले माल बाजारात फिरतात आणि त्यांनी पोरांची मेहनत वाया जाते, याचा मला फार राग येतो. हीटसिंकला पेस्ट लावा, स्क्रू घट्ट करा, थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) हीटसिंकला टेकतोय ना बघा. आधी बल्ब सिरीजमध्ये ठेवूनच चालवा. पातेलं ठेवल्यावर बल्ब लुकलुकला तर हरकत नाही. मग थेट, पाणी भरून, कमी पॉवरवर.

प्रश्न : आमची वस्ती शेतात आहे. दुपारी शेगडी चालते, संध्याकाळी एरर दाखवून बंद होते. बोर्ड गेला का? (एक वाचक भगिनी, बार्शी तालुका)

उत्तर : बोर्ड जाण्याची शक्यता कमी. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि शेगडी स्वतःला वाचवायला बंद होते. एररचा अर्थ माहितीपत्रकात बघा, तो कंपनीगणिक वेगळा असतो. शेगडी चालू असतानाच वायरमनकडून सॉकेटवर मोजून घ्या. तिथे व्होल्टेज चांगलं असूनही एरर आली, तर बोर्डावर व्होल्टेज ओळखणारे मोठ्या ओहमचे रेझिस्टर बिघडलेले असू शकतात. ते थोड्या खर्चात बदलून मिळतात.

टीव्हीचा स्टॅबिलायझर लावू नका. २००० वॅटची शेगडी २३० वर साधारण ८.७ अँपिअर घेते. तिला १६ अँपिअरचं सॉकेट आणि जाड वायर हवी. ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवत असाल आणि प्लगची पिन काळी पडली असेल, तर सॉकेट आजच बदला, शेगडी नंतर बघू.

प्रश्न : शेगडीत झुरळं जातात, काय करावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रात्री प्लग काढून ठेवा, म्हणजे उबेला ती कमी येतात. शेगडी भिंतीला चिकटवू नका. आत फवारा मारू नका. बोर्डावर आधीच डाग पडले असतील तर मेकॅनिककडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करून, पूर्ण वाळवूनच जोडा.