पुस्तकांच्या शेल्फच्या फळ्या नुसत्या स्क्रूने माराव्यात की खाचेत बसवाव्यात?

तुम्ही विचारलंय की उभ्या फळ्यांना आडव्या फळ्या बाहेरून स्क्रू मारून चालतील का, की हाउसिंग जॉइंट (उभ्या फळीत खाच पाडून तिच्यात आडवीचं टोक बसवणं) करावाच लागेल, आणि खाच किती खोल हवी.

खाच पाडाच. बाहेरून मारलेला स्क्रू आडव्या फळीच्या टोकात शिरतो आणि तिथल्या लाकडात आटे नीट धरत नाहीत. शिवाय पुस्तकांचं सगळं ओझं त्या दोन-तीन स्क्रूंवर. खाचेत बसलेली फळी मात्र सरळ लाकडावर टेकते.

खाचेची खोली उभ्या फळीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. 18 मिमीला 6 मिमी. त्याहून खोल गेलात तर उभी फळीच तिथे कमजोर होते.

खरी गंमत रुंदीत आहे. 18 मिमी म्हणून आणलेला प्लाय मोजला तर बरेचदा अर्धा मिमी कमी भरतो, त्यामुळे टेपवर विसंबू नका. गुण्या (काटकोन आखायची पट्टी) लावून एक रेघ मारा, तिला आडवी फळीच चिकटवून धरा आणि पलीकडची खूण सुरीने करा. पेन्सिलीपेक्षा सुरी बरी, कारण तिच्या चिरेत पटाशीची (लाकूड तासायच्या छिन्नीची) धार अलगद बसते. करवत दोन्ही रेघांच्या आतल्या अंगाला चालवा. पटाशी एका कडेकडून मध्यापर्यंत, मग दुसऱ्या कडेकडून. आरपार रेटलीत तर पलीकडचा टवका उडालाच म्हणून समजा. राउटर (खाच कोरायचं विजेवरचं हत्यार) असेल तर पट्टी बांधून हेच काम दोन मिनिटांत होतं.

माझ्या पहिल्या शेल्फात खाचा अशा जमल्या होत्या की फळी हाताने दाबून, वर एक हलका ठोका दिला की बसायची. खुशीत मी नंतर फळ्यांवर रंधा मारला, पॉलिश पेपर फिरवला. जोडायला घेतल्या तर खुळखुळा! शेवटी रंध्याच्याच पातळ ढलप्या ग्लू लावून फटीत कोंबल्या. फळ्या आधी घासून पुसून तयार करा, मगच खाच आखा.

समोरून खाच दिसायला नको असेल तर ती पुढच्या कडेच्या 10-12 मिमी अलीकडेच थांबवा आणि आडव्या फळीचा पुढचा कोपरा तेवढाच कापा. पटाशीने जरा किचकट जातं, पण दिसतं सुबक.

आता उणी बाजू. ही खाच वरून येणारं वजन पेलते, पण फळी बाहेर ओढली गेली तर तिला धरून ठेवणारं फक्त ग्लू. भरीव लाकडाच्या टोकाला ग्लू फारसं धरत नाही. प्लायला त्यातल्या त्यात बरं. ओढ जिथे असते, म्हणजे ड्रॉवरच्या पुढच्या पाटीला, तिथे डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेला जोड. टेबल-खुर्चीच्या पायांना हिसके बसतात, तिथे कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि ती बसायला भोक, कुसवाची जाडी लाकडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. दोन पट्ट्या एकमेकींवरून जात असतील तर दोन्ही अर्ध्या-अर्ध्या कापून बसवणं पुरतं. पंचेचाळीस अंशांचा मायटर (दोन्ही टोकं तिरकी कापून जुळवलेला कोपरा) फोटोफ्रेमला शोभतो, पण मी वजनाच्या कामाला तो घेत नाही.

तुमच्या शेल्फला या कशाची गरज नाही. खाच, ग्लू आणि मागून 6 मिमीचा प्लाय. मागचा प्लाय मात्र वगळू नका, नाहीतर खाचा कितीही घट्ट असोत, शेल्फ डावी-उजवीकडे झुलणार. तो मारण्याआधी दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना ते बघा.