वाचकांचे प्रश्न : बिनहॅमचा बेनेडिक्टाइन मठ

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये नॉरिच येथे राहते. तिच्याकडे गेलो असताना आम्ही नॉरफोकच्या उत्तर भागातील बिनहॅम या खेड्यातला बेनेडिक्टाइन मठ पाहिला. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये आजही उपासना होते, पण त्याच चर्चच्या पूर्वेकडील भिंतीपलीकडे गेले की गवतात खांबांचे बुंधे आणि मोडक्या भिंती तेवढ्या दिसतात. एकाच इमारतीचा अर्धा भाग धडधाकट आणि अर्धा उद्ध्वस्त, असे कशामुळे झाले? युद्धात तो भाग पडला काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : या मठाने एकदा वेढा अनुभवला, त्याविषयी पुढे लिहिले आहे, परंतु आपण पाहिलेली पडझड युद्धामुळे झालेली नाही, आणि काळाच्या ओघालाही तिचा फारसा दोष देता येत नाही. ती राजाच्या कायद्याने सुरू केली आणि दगडाच्या गरजेने पुरी केली.

बिनहॅमचा मठ पीटर द व्हालॉइन्स या नॉर्मन सरदाराने सुमारे 1091 मध्ये स्थापन केला आणि तो सेंट ऑल्बन्स येथील मोठ्या बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे चालणाऱ्या, मठाच्या अधीन ठेवला. मोठ्या मठाचा प्रमुख अ‍ॅबट असे. बिनहॅमसारख्या शाखेचा कारभार प्रायर पाहत असे आणि म्हणून अशा मठाला प्रायरी म्हणत. प्रायरला नेमणे आणि काढणे हे सेंट ऑल्बन्सच्या अ‍ॅबटच्या हाती होते. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण बिनहॅमच्या इतिहासातील बरीच भांडणे त्यातून निघाली आहेत. येथे राहणारे मठवासी कधीच फार नव्हते. चौदाव्या शतकात त्यांची संख्या तेरा-चौदाच्या आसपास होती आणि अखेरीस ती सहावर आली. मात्र त्यांच्यासाठी बांधलेले चर्च एखाद्या शहराला शोभावे एवढे होते, आणि ते पुरे व्हायला दीडशे वर्षांच्या आसपास काळ लागला.

एवढ्या मोठ्या चर्चचे दोन भाग होते. पूर्वेकडे मुख्य वेदी आणि मठवासींची गायनाची जागा, तर पश्चिमेकडे लांबलचक मुख्य मंडप. मठवासी पूर्वभागात आपली नित्य प्रार्थना करीत. मुख्य मंडप गावकऱ्यांच्या उपासनेसाठी होता आणि मध्ये आडवी पडदी होती. म्हणजे एका छपराखाली दोन चर्च नांदत होती, आणि या विभागणीनेच पुढे काय उरणार ते ठरवले.

आठव्या हेन्रीच्या राजवटीत, त्याचा मुख्य मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या देखरेखीखाली, 1535 मध्ये सर्व धर्मसंस्थांच्या उत्पन्नाची मोजदाद झाली. पुढच्याच वर्षी, वार्षिक उत्पन्न 200 पौंडांपेक्षा कमी असलेले मठ बंद करण्याचा कायदा झाला, 1539 मध्ये मोठ्या मठांसाठीही तशीच तरतूद करण्यात आली, आणि 1540 पर्यंत इंग्लंडमध्ये एकही मठ उरला नाही. बिनहॅमचा मठ 1539 मध्ये बंद झाला. मठवासींचा भाग राजाच्या मालकीचा झाला, पण गावकऱ्यांना उपासनेला जागा हवीच होती, म्हणून मुख्य मंडप त्यांच्याकडे राहिला. दोन्हींच्या मध्ये भिंत घालून घेण्यात आली. आपण ज्या पूर्वेकडील भिंतीचा उल्लेख केला आहे, ती हीच. मंडप वाचला तो त्याच्या सौंदर्यामुळे किंवा कोणाच्या भक्तीमुळे वाचला असे मला वाटत नाही. त्याला वापरणारे लोक होते, एवढेच त्याचे नशीब.

पलीकडच्या भागाला मात्र असा कोणी वाली नव्हता. ती जागा 1541 च्या सुमारास राजाच्या पदरी असलेल्या थॉमस पॅस्टन या स्थानिक गृहस्थाला मिळाली. नॉरफोकमध्ये घडाईचा चांगला दगड जवळजवळ मिळत नाही. जमिनीतून निघते ती गारगोटी, आणि तिला कोपरे किंवा कमानी काढता येत नाहीत. त्यामुळे मठाच्या भिंतींचा गाभा गारगोटीचा आहे आणि दर्शनी काम पीटरबरोजवळच्या बार्नॅकच्या खाणीतून आणलेल्या चुनखडीच्या दगडाचे आहे. असा तयार घडवलेला दगड मालकाविना उभा असताना तो जागच्या जागी राहील ही अपेक्षाच चुकीची ठरते. छपरांवरील शिसे सर्वच मठांप्रमाणे आधी उतरले, मग दगड विकला जाऊ लागला. अवशेषांत फिरताना आपल्या लक्षात आले असेल की पुष्कळ ठिकाणी गारगोटी आणि चुन्याचा ओबडधोबड गाभा उघडा पडला आहे. त्यावरचा घडीव दगड लोकांनी काढून नेलेला आहे.

पॅस्टनच्या वंशातील एडवर्ड याने पुढे याच जागी स्वतःसाठी वाडा बांधायला घेतला होता. पाडकाम चालू असताना भिंत कोसळून एक मजूर ठार झाला, हा अपशकुन मानून काम थांबले आणि वाडा दुसरीकडे बांधला गेला, अशी हकिगत सांगतात. उरलेसुरले खांब आज जागेवर दिसतात त्याचे बरेचसे श्रेय या धसक्याला द्यावे लागेल.

प्रश्न : बिनहॅमच्या चर्चची पश्चिमेकडील मोठी खिडकी प्रसिद्ध आहे असे वाचले. तेथे तर सगळ्या विटाच दिसतात. मग तिचे महत्त्व काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : विटांभोवतीच्या दगडी चौकटीकडे पाहावे. पूर्वी भिंतीच्या अखंड दगडात वेगवेगळी छिद्रे पाडून काच बसवीत, त्यामुळे काच कमी आणि भिंत जास्त असे. फ्रान्समध्ये रॅन्सच्या कॅथीड्रलात तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात नवी रीत आली : दगडाच्या बारीक पट्ट्या घडवून त्यांची जाळी उभारायची आणि मधली सगळी जागा काचेला मोकळी ठेवायची. इंग्लंडमध्ये ही रीत वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या 1245 नंतरच्या बांधकामात आली असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. परंतु सेंट ऑल्बन्सचा इतिहासकार मठवासी मॅथ्यू पॅरिस याने नोंदवले आहे की बिनहॅमची पश्चिमेकडील दर्शनी भिंत प्रायर रिचर्ड द पार्को याने बांधली, आणि रिचर्डची कारकीर्द 1244 मध्ये संपली. ही नोंद खिडकीलाही लागू होत असेल, तर लंडनच्या राजमान्य इमारतीआधी ही जाळी नॉरफोकच्या एका खेड्यात बसली होती असे म्हणावे लागते. काही अभ्यासक हे मान्य करीत नाहीत आणि भिंत आधीची, पण खिडकी नंतरची असे मानतात. माझा कल मॅथ्यू पॅरिसच्या बाजूने आहे. तो त्याच काळातला आणि त्याच संस्थेतला माणूस होता. खिडकी मोडकळीला आल्यावर, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, दुरुस्तीच्या खर्चापेक्षा विटा परवडल्या.

आत गेल्यावर आणखी एक वस्तू चुकवू नये. मंडपातील जुन्या लाकडी पडदीच्या फळ्यांवर मठाच्या काळात संतांची चित्रे रंगवलेली होती. धर्मसुधारणेनंतर, म्हणजे इंग्लंडचे चर्च पोपपासून वेगळे झाल्यावर, ती पांढऱ्या रंगाने झाकून त्यांवर 1539 च्या इंग्रजी बायबलमधील वचने काळ्या अक्षरांत लिहिण्यात आली. आता वरचा रंग जागोजागी उडाला आहे आणि अक्षरांमधून संतांचे आणि जखमी ख्रिस्ताचे चेहरे वर येत आहेत. सोळाव्या शतकात काय घडले हे सांगण्यासाठी या दोन-चार फळ्या मला बाहेरच्या सगळ्या अवशेषांपेक्षा अधिक बोलक्या वाटतात.

प्रश्न : बेनेडिक्टाइन मठवासींचे जीवन अतिशय शांत आणि शिस्तीचे होते असे समजतो. बिनहॅमही तसेच होते काय?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : नियम तसा होता. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात इटलीत घालून दिलेल्या नियमावलीत 73 प्रकरणे आहेत. त्यांत रात्रीची एक आणि दिवसाच्या सात प्रार्थना, आठवड्यात दीडशे स्तोत्रांचे पठण, हाताचे काम, वाचन आणि मौन यांची तपशीलवार आखणी केली आहे. पाणी, गिरणी, बाग असे जे लागेल ते शक्यतो आवारातच असावे, म्हणजे मठवासींना बाहेर भटकण्याचे कारण उरणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. बिनहॅमच्या अवशेषांची मांडणी यावरून उलगडते. चर्चच्या दक्षिणेला चौरस चौक आणि त्याच्या चारी बाजूंना ओवऱ्या. पूर्वेच्या ओवरीला लागून सभागृह, जेथे रोज नियमावलीचे एक प्रकरण वाचले जाई, आणि वरच्या मजल्यावर शयनगृह. समोरच्या दक्षिण बाजूला भोजनगृह. शेगडी पेटवण्याची परवानगी असलेली एक ऊबेची खोलीही होती, आणि उत्तर समुद्रावरून येणारा वारा अनुभवलेल्या कोणालाही तिचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

प्रत्यक्षातील माणसे मात्र या आखणीत नेहमी बसत नसत. अ‍ॅबटने थॉमस नावाच्या प्रायरला पदावरून दूर केले, तेव्हा त्याचा मित्र रॉबर्ट फिट्झवॉल्टर या बलाढ्य सरदाराने, आपल्या संमतीशिवाय प्रायर बदलता येत नाही असा दावा करून, सुमारे 1212 मध्ये मठाला वेढा घातला. आतल्या मठवासींना कोंड्याची भाकर खाऊन आणि पन्हाळीतून पडणारे पावसाचे पाणी पिऊन दिवस काढावे लागले, असे सेंट ऑल्बन्सच्या बखरकाराने लिहिले आहे. जॉन राजाला ही बातमी कळताच त्याने संतापून सैन्य धाडले आणि वेढा उठला. हाच फिट्झवॉल्टर 1215 मध्ये जॉनकडून मॅग्ना कार्टा ही राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी सनद कबूल करून घेणाऱ्या सरदारांचा पुढारी होता. एका खेड्यातील मठाच्या नेमणुकीवरून झालेली ही चकमक त्या मोठ्या संघर्षाच्या मुळाशी होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण दोघांमधील वैर तोवर किती पेटले होते हे तीवरून कळते.

पुढे 1317 ते 1335 या काळात प्रायर असलेल्या विल्यम द सोमर्टन याला किमयेचा नाद लागला. हलक्या धातूचे सोने करण्याच्या प्रयोगांसाठी त्याने पूजेचे चषक, उपासनेची वस्त्रे, सोन्याच्या अंगठ्या आणि चांदीची भांडी विकून टाकली. मठातले होते ते सोने गेले आणि भट्टीतून नवे काही निघाले नाही.

अलेक्झांडर द लँगली याची गोष्ट याहून दुःखाची आहे. सेंट ऑल्बन्सच्या या विद्वान मठवासीला अतिअभ्यासाने वेड लागले असे त्या वेळी मानले गेले; त्याचे झटके आवरेनात तेव्हा त्याला फटके मारून बिनहॅमला पाठवण्यात आले, मरेपर्यंत एकांतकोठडीत बेड्या घालून ठेवले आणि बेड्यांसह पुरले. नियमावलीत आजारी माणसाची सेवा साक्षात ख्रिस्ताची सेवा समजून करावी असे स्पष्ट सांगितलेले असताना हे घडले. दूरची शाखा ही मुख्य मठाला नकोशा माणसांची सोय म्हणूनही उपयोगी पडत असे.

प्रश्न : वसईच्या किल्ल्यात आणि जुन्या गोव्यात असे बेनेडिक्टाइन मठ होते काय? तेथील पडझडही अशीच झाली काय?
— एक वाचक, विरार

उत्तर : बेनेडिक्टाइन नव्हते. वसईत आणि गोव्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट या संघांच्या वास्तू आहेत. पोर्तुगालचे बेनेडिक्टाइन मुख्यतः ब्राझीलकडे गेले. वसईची कहाणी वेगळी आहे, कारण 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकल्यावर तेथील पोर्तुगीज वस्तीच उठली.

बिनहॅमशी खरे साम्य जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाचे आहे. पोर्तुगालने 1834 मध्ये धर्मसंघ बरखास्त केले, त्याची अंमलबजावणी गोव्यात पुढच्या वर्षी झाली आणि 1602 मध्ये पूर्ण झालेले ते भव्य चर्च ओस पडले. 1842 मध्ये त्याचे घुमटी छत कोसळले आणि 1931 मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग ढासळला. आज सुमारे 46 मीटर उंचीचा एक भग्न मनोरा तेवढा उभा आहे. जुने गोवे शहर तोवर रोगराईने जवळजवळ रिकामे झाले होते, त्यामुळे आपल्या उपासनेसाठी चर्चचा एखादा भाग मागून घेईल अशी वस्ती त्या टेकडीभोवती राहिलेली नव्हती. बिनहॅमच्या गावकऱ्यांनी केले ते करायला येथे कोणी नव्हते.