दोरीच्या उड्या, डंबेल आणि खालच्या काकू: भाड्याच्या फ्लॅटमध्ये व्यायाम करायचा तर

तुम्ही लिहिता: गोव्यात पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, पहाटे पावणेसहाला दोरीच्या उड्या, मग दहा-दहा किलोचे डंबेल. खालच्या काकूंची तक्रार, तिच्यामागून घरमालकाचा मेसेज. सहा मिलिमीटरची योगा मॅट आणूनही फरक नाही. तुमचे प्रश्न दोन: मॅट कोणती घ्यावी, आणि सकाळी सहानंतर कायद्याने मोकळीक आहे का.

कायद्याचं आधी, कारण ते थोडक्यात आटोपतं. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. म्हणजे पावणेसहा ही रात्रच. पण सहा वाजून पाच मिनिटांनी उड्या मारायचा परवाना मिळतो, असाही अर्थ नाही. ते आकडे परिसरातल्या आवाजाच्या सरासरीचे आहेत. स्लॅबमधून खाली उतरणाऱ्या धपधपीसाठी ते केलेलेच नाहीत, त्यामुळे त्यांचा आधार तुम्हालाही नाही आणि काकूंनाही नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचा कागद म्हणजे अकरा महिन्यांचा करार. त्यात ‘शेजाऱ्यांना उपद्रव होणार नाही’ अशा अर्थाचं कलम जवळपास नेहमी असतं आणि शेवटी नोटीस देण्याचं. घरमालकाला डेसिबल मोजायची गरज पडत नाही.

आता मॅट. मॅटने काम होईल हीच समजूत चुकीची आहे. आवाज दोन वाटांनी जातो. बोलणं, गाणी, ट्रेडमिलच्या मोटरची घरघर हवेतून जाते, दार-खिडकी लावली की बरीच अडते. उडीवरून उतरणं, डंबेल टेकवणं हे मात्र थेट काँक्रीटला मारलेले ठोके. आपल्याकडचा स्लॅब साधारण १२५ ते १५० मिमी जाडीचा, वर सिमेंटचा थर, त्यावर लादी. या सगळ्यात मऊ थर एकही नाही. ठोका बसला की स्लॅब ढोलाच्या पानासारखा हलतो आणि खालच्या खोलीचं अख्खं छत वाजतं. तुमच्या खोलीत ‘टप’ ऐकू येतं, खाली ‘धुम्म’. म्हणून वरच्याला मनापासून वाटतं की काकू कांगावा करतायत, आणि खालच्याला वाटतं की वरचा मुद्दाम करतोय.

उडीवरून उतरताना पायाखालचा जोर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते चौपट असतो. सहा मिमीची मॅट त्याखाली चपटी होऊन बसते आणि उरलेला ठोका लादीलाच बसतो. मॅटने फक्त वरचा ‘टप’ मरतो. म्हणजे आवाज कमी झाल्यासारखा वाटतो तो तुम्हाला.

फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपवरही विसंबू नका. त्यात बहुधा ‘ए’ भारांकन, म्हणजे माणसाच्या कानाच्या मानाने आवाज तोलायची पद्धत, असतं आणि ते खालच्या पट्टीतला आवाज कापूनच दाखवतं: ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल, ३१.५ हर्ट्झला ३९ डेसिबल कमी. धपधप नेमकी याच पट्टीतली. प्रत्यक्षात ६० डेसिबलची धडक अ‍ॅपवर ३४ दिसते, तुम्ही स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकता आणि भांडण वाढतं.

खरं मोजमाप खालच्या बेडरूममधल्या माणसाचा कान. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी पंधरा मिनिटांची चाचणी करा. काकूंना वेळ विचारा, तुमचा एखादा मित्र त्यांच्याकडे बसवा, फोन चालू ठेवा. प्रत्येक प्रकार अर्धा मिनिट: साधं चालणं, जागच्या जागी धावणं, दोरीच्या उड्या, जंपिंग जॅक, बर्पी, डंबेल टेकवणं. कोणता कधी चालू आहे ते खाली सांगायचं नाही. त्यांनी शून्य ते तीन गुण द्यायचे: शून्य म्हणजे ऐकू आलं नाही, तीन म्हणजे झोपमोड. हेच हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये, खोलीच्या मधोमध आणि कडेला करून बघा. खोलीच्या मध्यावर स्लॅब सगळ्यात जास्त हलतो, बीम-कॉलमजवळ सगळ्यात कमी. जागा चार फूट सरकवूनही तीनाचे दोन होऊ शकतात, फुकटात. इमारतीत सगळ्या मजल्यांचा नकाशा बहुधा एकच असतो, म्हणजे तुमच्या बेडरूमखाली त्यांची बेडरूम. व्यायाम हॉलमध्ये हलवा. बाल्कनीत नको, पुढे काढलेला स्लॅब उड्यांसाठी नसतो.

या चाचणीत कधी कधी वेगळंच निघतं. काकूंना त्रास देणारा आवाज तुमचा नसतोच. काँक्रीटमधून आवाज तिरकाही जातो. तिसऱ्या मजल्यावर कोणी जमिनीवर विळी मांडून नारळ खवत असेल किंवा लोखंडी खुर्ची ओढत असेल, पाण्याचा पंप सुरू होत असेल, तर खाली बसून तो नेमका कुठून आला ते सांगणं अवघड असतं.

आता बदल, स्वस्तापासून. आधी दोन्ही पाय एकाच वेळी हवेत जातात ते प्रकार बदला. जंपिंग जॅकऐवजी एकेक पाय बाजूला टाकत हात वर. बर्पीत उडी काढून टाका आणि पाय एकेक मागे न्या. सूर्यनमस्कारातही पाय उडवून मागे नेणारे आहेत, त्यांनी ते चालत न्यावेत. दोरीऐवजी दोर नसलेल्या मुठी मिळतात, टोकाला छोटं वजन असतं. पंजा न उचलता गुडघे हलवत हात फिरवले तरी दम लागतो. स्क्वॅट, लंज, प्लँक, रबर बँड यांचा खाली पत्ताही लागत नाही. अनवाणी टाचा आपटत वावरण्याचा मात्र लागतो: दोन सेटच्या मधे पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाणारी टाच कित्येकदा व्यायामापेक्षा जास्त ऐकू जाते. मऊ तळव्याची घरातली चप्पल घाला.

डंबेलचं गणित सोपं आहे. दहा किलो ३० सेंटिमीटरवरून सुटला तर जवळपास २९ जूल ऊर्जा, पाच सेंटिमीटरवरून सुटला तर पाच जूलही नाही. शेवटच्या रेपनंतर, म्हणजे शेवटच्या उचलीनंतर, हात गळून पडतो तिथे हे बिघडतं. म्हणून डंबेल जमिनीवर ठेवूच नका. मांडीइतक्या उंचीचा भक्कम बाक, त्यावर दुमडलेली गोणपाटाची घडी, आणि त्यावर ठेवायचं. षट्कोनी रबरवाले डंबेल घ्या. गोल लोखंडी घरंगळतात, आणि आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात ते वेगळंच.

इतकं करूनही उड्या हव्याच असतील, तर मॅट नाही, तरंगता पाट करावा लागतो. तत्त्व असं: वर जड फळी, खाली मऊ आधार. आधार जितका जास्त दबेल तितका जास्त ठोका गिळला जातो. १६ ला, मिलिमीटरमध्ये जितका दबला त्याच्या वर्गमुळाने भागा. आलेला आकडा पाटाची स्वतःची कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये. एक मिमी दबला तर १६, चार मिमी दबला तर ८. या आकड्याच्या साधारण १.४ पटीच्या वरची कंपनं अडतात, खालची अडत नाहीत. फोम झटक्याखाली थोडा ताठ वागतो, म्हणून प्रत्यक्षातला आकडा जरा वरच असतो.

साहित्य: आठ बाय चारचं १८ मिमी प्लायवूड एक, दुकानातच मधोमध कापून घ्या, चार बाय चारचे दोन तुकडे होतात. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) ग्रेडचंच, आयएस ७१० शिक्का बघून; साधं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं) प्लाय जुलैत फुगतं. दोन्ही तुकडे एकावर एक, ३० मिमीचे स्क्रू दर फुटावर. त्याहून लांब स्क्रू घेतले की टोकं खालून बाहेर येतात आणि लादीवर ओरखडे उठतात. वर १० मिमीची रबर शीट. खाली गादीवाल्याकडचा रीबाँडेड (तुकडे दाबून चिकटवलेला) फोम, ५० मिमी जाड, ९० ते १०० घनतेचा. त्याचे आठ इंची चौकोन नऊ, तीन-तीनच्या ओळींत, बाहेरचे अगदी कडेला. फोम पूर्ण क्षेत्रावर पसरू नका, ही नेहमीची चूक. वजन इतकं पसरतं की फोम जेमतेम एक मिमी दबतो आणि पाट ताठ होतो.

पाट मांडून मधोमध उभे राहा आणि दुसऱ्याला पट्टीने चारही बाजूंना लादी ते फळी अंतर मोजायला सांगा. ५० चे ४४ ते ४६ झाले पाहिजेत. ४९ असेल तर चौकोन आणखी लहान कापा. ३८ च्या खाली गेलं तर पाट डगमगतो, पाय मुरगळेल, चौकोन वाढवा. पाट नि रबर मिळून पन्नासेक किलो, त्यावर तुम्ही सत्तर. राहत्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने धरलेला असतो, हा भार ऐंशीच्या आसपास. भिंतीपासून आणि स्कर्टिंगपासून सगळीकडून एक इंच सुटा ठेवा. एक कोपरा भिंतीला टेकला की ठोका तिथून सरळ आत जातो आणि सगळी मेहनत वाया. उड्यांआधी डोक्यावरचा पंखाही बघा. पाटाने तुम्ही जवळजवळ चार इंच वर गेलेले असता.

पाटाने ‘टप’ आणि मधल्या पट्टीतला ठोका बराच जातो. अगदी खालचा ‘धुम्म’ उरतो, कमी होऊन. पहाटेच्या शांततेत तोही पुरेसा असतो, म्हणून पाट झाला तरी वेळ बदलावीच लागेल. पाटावर जड वजन डोक्यावर उचलू नका. पाया मऊ आहे.

ट्रेडमिलवर धावण्यात मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन ठोके. भाड्याच्या फ्लॅटमध्ये चालायचं ठीक, धावायचं नको. स्थिर सायकल सगळ्यात शांत. पंचिंग बॅग स्लॅबच्या हुकाला कधीच टांगू नका. आणि पणजीतल्या फोंताइन्याशसारख्या जुन्या वस्तीत, फळ्यांच्या जमिनीच्या माडीवर भाड्याने असाल, तर वरचं सगळं विसरा. तिथे उडीच नको.

वेळेबद्दल. गोव्यात दुपारी एक ते साडेतीन-चार ही वेळ कोणत्याच नियमात नाही, पण सगळ्यांच्या अंगात आहे. दुकानं बंद, रस्ता थंड, म्हातारी माणसं आडवी. दिवसा ५५ डेसिबल चालतात म्हणून दोन वाजता उड्या मारणारा माणूस इमारतीतून उठलाच समजा. उलट सकाळी साडेआठ सुरक्षित, असंही धरू नका. कॅसिनो, हॉटेल किंवा वेर्ण्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला तेव्हाच डोळा लावतो. घरी तान्हं मूल असेल तर घड्याळच वेगळं. म्हणून विचारायचं. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात चालून जातं.

विचारताना ग्रुपवर नाही, दारात जाऊन, आणि हातात उपाय घेऊन. ‘काकू, त्रास झाला, चुकलं. उड्या पहाटे बंद केल्या. संध्याकाळी सहा ते सहा-वीस, आठवड्यातून तीनदा, चालेल का? एकदा खाली कोणाला बसवून ऐकून बघू.’ नुसतं ‘कमी करतो’ म्हणू नका. वेळ ठरलेली आणि संपणारी असली की तोच आवाज सुसह्य होतो. चतुर्थीला घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती मध्यरात्रीपर्यंत घुमते आणि खालचा शेजारी उलट झांजा घेऊन वर येतो. ती कधी आहे आणि कधी संपणार हे त्याला ठाऊक असतं. आज पावणेसहा, उद्या सव्वासहा, परवा दोनदा, यात माणूस ठोका पडायच्या आधीच जागा होऊन वाट बघत पडतो.

घरमालकाला मात्र लेखी कळवा, त्याच मेसेजखाली: अमुक तारखेपासून हे बदललं, काकूंशी बोलणं झालं, वेळ ही ठरली. मेंटेनन्स सोसायटीचे सभासद मालक असतात, भाडेकरू नाही; सोसायटीचं पत्र आलं तरी ते मालकाला येतं आणि त्याच्या हातात दाखवायला काहीतरी असावं लागतं. कोणी ११२ ला फोन केला तर पोलीस येऊन समज देतात, पुढे बहुधा काही होत नाही. एकाच शेजाऱ्याला होणारा असा उपद्रव हा मुळात दिवाणी वाद आहे आणि त्या वाटेने कोणी सुखी झालेला नाही.

हे वाचणारा खालच्या मजल्यावरचा असेल तर त्याने झाडूच्या दांड्याने छत ठोकू नये. वरच्याला ते ऐकू येतं, पण तिसऱ्यालाही येतं. दहा दिवस वहीत लिहा: तारीख, सुरू, बंद, आवाज कसा, कोणत्या खोलीत. ‘रोज सतत त्रास’ यापेक्षा ‘सोम, बुध, शुक्र, ५.५० ते ६.१५, बेडरूम’ याला उत्तर देणं भाग पडतं.

पावसात मैदान सुटतं आणि सगळे घरात येतात, म्हणून जूनमध्ये या तक्रारी वाढतात. पाट केलात तर त्या महिन्यांत पंधरा दिवसांनी उभा करून खालची लादी पुसा, नाहीतर फोमला बुरशी धरते. चौकोन पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवले तर टिकतात. काळं रबर मात्र थेट लादीवर अंथरून ठेवू नका. फिकट लादीवर त्याचे तपकिरी डाग पडतात, ते घासून जात नाहीत, आणि फ्लॅट सोडताना डिपॉझिटमधून कापले जातात.