श्टुटगार्टला येताय? आधी आठवडा बसवा, मग दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात नोकरीसाठी पुण्याहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला यायचं आहे, बरोबर पत्नी आणि पहिलीतला मुलगा. पुण्यात पहाटे साडेपाचला उठणं, टेकडी, पूजा, डबा, ऑफिस आणि रात्री साडेनऊला जेवण असं वर्षानुवर्षं बसलेलं आहे. हेच तिथे कसं चालू ठेवायचं?

जसंच्या तसं चालू ठेवायला जाऊ नका. पुण्यातला तुमचा दिवस सुरळीत जातो, कारण त्यामागे पोळ्यांच्या बाई आहेत, भांडी-फरशीच्या मावशी आहेत, रात्री दहालाही उघडा असणारा वाणी आहे. इथे ही सगळी कामं तुम्हा दोघांवर येतात. ती रोज थोडी थोडी करायला गेलात तर कामाच्या दिवशी संध्याकाळ उरत नाही. म्हणून जे आठवड्यावर टाकता येईल ते आठवड्यावर टाकायचं आणि मग जो दिवस उरेल त्यात आपलं बसवायचं.

सुरुवात मुलाच्या शाळेपासून करा, तुमच्या ऑफिसपासून नको. प्राथमिक शाळा आठच्या सुमारास भरते आणि लहान मुलं बाराच्या आसपास सुटतात, काही वारी त्याहूनही आधी. जर्मन न येणारी मुलं बहुधा आधी पूर्वतयारीच्या वर्गात बसतात आणि त्या वर्गाच्या वेळा वेगळ्या असू शकतात, तेव्हा छापील वेळापत्रक हातात आल्याशिवाय काहीच ठरवू नका. दुपारसाठी शाळा पूर्णवेळ आहे का, नसेल तर केर्नत्साइट (शाळेतच वर्गाच्या आधी-नंतर मुलं सांभाळायची सोय) किंवा होर्टमध्ये (शाळेनंतरचं पाळणाघर) जागा आहे का, हे घर शोधतानाच विचारा. १ ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तासांच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क आहे आणि पुढे दरवर्षी एकेक इयत्ता त्यात येते. पण हक्क असला तरी वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला त्याच शाळेत लगेच जागा मिळेल असं नाही. जागा मिळेपर्यंत दुपारी बाराला दारात कोण उभं राहणार, ह्याचं उत्तर दोघांनी निघण्यापूर्वी ठरवलेलं असावं. शाळेची बस सहसा घरापर्यंत येत नाही. मुलांनी पायी, आणि हळूहळू एकट्याने, यावं अशीच अपेक्षा असते. पहिले काही आठवडे रोज त्याच रस्त्याने, त्याच सिग्नलवरून त्याच्याबरोबर चाला.

ऑफिसची वेळ बहुतेक ठिकाणी लवचीक असते. तुमची टीम पुण्यात असेल तर लवकर जाणं दोन्हीकडून सोयीचं. हिवाळ्यात इथले साडेसात म्हणजे तिकडचे दुपारचे बारा. सव्वासातला सुरुवात केलीत तर चारच्या आत सुटता. जेवणाची सुट्टी वगळायला विसरू नका: सहा तासांहून जास्त काम असेल तर ३० मिनिटं आणि नऊ तासांहून जास्त असेल तर ४५ मिनिटं सुट्टी कायद्याने घ्यावीच लागते. दिवसाची कमाल मर्यादा दहा तास आहे आणि दोन कामाच्या दिवसांत ११ तासांची विश्रांती हवी. म्हणजे रात्री दहापर्यंत अमेरिकेशी कॉल झाला, तर सकाळी नऊच्या आधी काम सुरू करायचं नाही. उशिरापर्यंत बसणं इथे मेहनतीचं लक्षण मानत नाहीत, उलट साहेबालाच त्याचं उत्तर द्यावं लागतं. संध्याकाळी पाचनंतर आणि शुक्रवारी दुपारनंतर सहसा कुणी मीटिंग ठेवत नाही. ती वेळ खरोखर तुमची आहे, घ्या.

आता टेकडी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. पहाटे साडेपाचला बाहेर किट्ट अंधार असतो आणि पायाखाली बर्फाचा निसरडा थर असू शकतो. हट्टाने ते चालू ठेवणारे जानेवारीपर्यंत सोडून देतात, आणि मग व्यायामच सुटतो. चालणं दुपारच्या सुट्टीत न्या: कँटीनमध्ये साडेअकरा-बारालाच जेवायची पद्धत आहे, तेव्हा लवकर जेवून २०-२५ मिनिटं उजेडात बाहेर पडायचं, ढग असले तरी. खिडकीतला उजेड पुरत नाही. ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन इतकं तिरपं असतं की त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही. अशा वेळी इथल्या पोषणसंस्थेने सांगितलेलं प्रमाण दिवसाला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट आहे, आणि ते जेवणातून भरून निघत नाही. गोळी घ्यायची का आणि किती, हे डॉक्टरांना विचारून पहिल्याच महिन्यात ठरवा. उन्हाळ्यात उलटं होतं. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, मूल झोपायला तयार होत नाही, जाड पडदे लागतात. तेव्हा एक उन्हाळ्याचा आणि एक हिवाळ्याचा असे दोन दिनक्रम धरून चाला. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास सरकतं, बदल त्याच दिवशी करा.

रात्रीचं जेवण साडेनऊवरून साडेसहा-सातवर आणावंच लागतं. मुलाला पावणेसातला उठवायचं तर आठला तो अंथरुणात हवा. शिवाय रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते आणि बऱ्याच इमारतींच्या नियमावलीत दुपारी एक ते तीनसुद्धा. त्या वेळात मिक्सर, वॉशिंग मशीन, ड्रिल चालवलं की आधी शेजारी बोलतात, मग घरमालकाचं पत्र येतं. चटणी वाटायची असेल तर संध्याकाळी सातच्या आत, आणि रविवारी नाहीच.

स्वयंपाकघराबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बहुतेकांचा दिनक्रम मोडतो तो इथेच. भाड्याचं घर पुष्कळदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं: ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. जाहिरातीत ते आहे का, हे बघून घ्या. शेगडी इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, स्टीलचा आणि तळाला लोहचुंबक चिकटणारा हवा. साधी काचेची विजेची शेगडी असेल तर अ‍ॅल्युमिनियम चालतं, पण बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. शेवटच्या शिट्टीनंतर कुकर उचलून बाजूला ठेवला नाही तर भाताची खीर होते आणि खालची डाळ लागते. फुलके आचेवर फुगवणं विसरा, तव्यावरच कापडाने दाबून फुगवा.

आठवड्याची मांडणी साधारण अशी चालते. रविवारी अर्धा किलो कणीक मळून, वरून तेलाचा हात फिरवून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. दोन दिवस चांगली राहते, तिसऱ्या दिवशी काळी पडते, म्हणून बुधवारी परत मळायची. लाटण्यापूर्वी वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा. डाळ एकदम दोन दिवसांची शिजवायची आणि फोडणी रोज ताजी द्यायची. मटकीला पुण्यासारखे एका रात्रीत मोड येत नाहीत, घरात वीस अंश असताना दोन रात्री लागतात. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवली तर लवकर येतात, इडलीचं पीठही तसंच फुगतं. कणीक, पोहे, डाळी भारतीय दुकानातून महिन्याच्या भरा. कोथिंबीर, मेथी, भेंडी तुर्की दुकानात ताजी मिळते. इथलं पूर्ण गव्हाचं पीठ भरड असतं, पोळ्या तडकतात.

फोडणी आणि कुकरची वाफ ह्यांचं इथे वेगळंच प्रकरण होतं. घरं हवाबंद असतात. वाफ थंड भिंतीवर बसते आणि दोन महिन्यांत कपाटामागे काळी बुरशी येते, ती काढायचा खर्च तुमच्या डिपॉझिटमधून जाऊ शकतो. उपाय दिनक्रमातच बसवायचा: सकाळी उठल्यावर, स्वयंपाक झाल्यावर आणि झोपण्यापूर्वी सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच ते दहा मिनिटं हवा खेळू द्यायची, तेवढ्यापुरता हीटर बंद. खिडकी नुसती कलती करून तासन्‌तास ठेवू नका. हवा बदलत नाही, भिंत मात्र गार होते. बाहेरच्या भिंतीपासून कपाट चार बोटं लांब ठेवा. फोडणीच्या वेळी कोट आणि जॅकेटं बंद दाराआड असू द्या, नाहीतर हिंग-मोहरीचा वास ऑफिसपर्यंत येतो.

शनिवार कामाचा दिवस धरा. रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकानं बंद असतात, सकाळी बेकरी आणि मोठ्या स्टेशनवरची थोडी दुकानं सोडून. ईस्टरला शुक्रवार, रविवार आणि सोमवार बंद, मधला शनिवारच उघडा. दोन दिवसांचं दूध-पाव घरात जास्तीचं असू द्या. मार्क्टप्लाट्सवरचा (शहराच्या मुख्य चौकातला) भाजीबाजार मंगळवार, गुरुवार, शनिवार भरतो. जाताना रिकाम्या बाटल्या न्या: एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीचे आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्याचे २५ सेंट परत मिळतात, पण चेपलेली बाटली मशीन घेत नाही. जुन्या इमारतींत अजून केर्वोखं पाळतात: आठवड्याने पाळी बदलते, दाराला पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून काढायचा असतो. ही पाळी चुकवू नका. शेजाऱ्यांशी संबंध ह्यावरच ठरतात.

पत्नीच्या दिवसाचा विचार तुमच्या प्रश्नात नव्हता, तो आधी करा. तुम्हाला ऑफिस आहे, मुलाला शाळा आहे, तिला नोव्हेंबरच्या अंधारात रिकामं घर आहे. नव्याने आलेल्यांसाठीच्या सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये साधारण ६०० तास भाषेचे आणि १०० तास समाज-कायद्याचे असतात, तास ४५ मिनिटांचा. सकाळचा वर्ग मिळाला तर तो शाळेच्या वेळेत बसतो. रोटेब्यूलप्लाट्स चौकातल्या फोक्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणसंस्थेत, चौकशी करता येते. पत्ता नोंदवला की त्याच आठवड्यात नाव घाला, कारण वर्ग भरलेले असतात.

पत्त्याची नोंद घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. त्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर तुमचं आडनाव लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि करक्रमांक, विमा, बँकेचे पिन हे सगळं टपालानेच येतं. रोज संध्याकाळी पेटी उघडून पत्र त्याच दिवशी वाचायचं, कारण मुदत पत्रात लिहिलेली असते.

आई-बाबांशी बोलायची वेळ संध्याकाळी ठेवू नका. हिवाळ्यात इथले साडेसहा म्हणजे तिकडे रात्रीचे अकरा. सकाळी सव्वासात, मुलाच्या दुधाच्या वेळी, तिकडे पावणेबारा असतात आणि त्यांना नातू रोज दिसतो. तुम्ही तेव्हा ऑफिसात असाल तर फोन पत्नीने लावायचा. उन्हाळ्यात तेच पावणेअकरा होतात, हे मार्चमध्ये त्यांना आठवणीने सांगा. पूजा त्याआधी, सहा-सव्वासहाला, खिडकी उघडायच्या आत आटपा. धूर-उदबत्ती लावत असाल तर छतावरचा धूरसूचक कुठे आहे ते आधी बघून ठेवा आणि देव्हारा त्याच्या खाली नको.