दाजीपूरला दिसलेला लाल पडद्यांचा हिरवा बेडूक नक्की कोणता?

तुमचा प्रश्न असा, की दाजीपूरच्या रस्त्यावर पावसात दिसलेल्या बेडकाचा फोटो टाकल्यावर कुणीतरी तो 'अनैमलाईचा उडता बेडूक, अतिसंकटग्रस्त' असल्याचं सांगितलं, ते खरं का?

नाही. तुम्ही पाहिलात तो मलबारी उडता बेडूक, रॅकोफोरस मलबारिकस. मी कोल्हापूरचाच, पावसाळाभर राधानगरी, आंबा, गगनबावडा या पट्ट्यात बेडकांच्या मागे असतो. बोटांत लाल पडदे असलेला हिरवा बेडूक आपल्याकडे दिसला तर तो हाच.

हा गोंधळ होणं मात्र साहजिक आहे. दोघंही रॅकोफोरस या एकाच कुळीतले, दोघंही हिरवेगार, दोघांच्याही बोटांत लाल-केशरी पडदे. मलबारीची ओळख ब्रिटिश निसर्गअभ्यासक जर्डनने 1870 मध्ये करून दिली. अनैमलाईचा रॅकोफोरस स्यूडोमलबारिकस वेगळा आहे हे कार्तिकेयन वासुदेवन आणि सुशील कुमार दत्ता या संशोधकांनी थेट 2000 साली मांडलं. त्याच्या पाठीवर, विशेषतः पिल्लांच्या, काळ्या रेषांची जाळी दिसते. पण एका फोटोवरून रेषा शोधत बसण्यापेक्षा आधी ठिकाण बघा. तो पालघाट खिंडीच्या दक्षिणेला, तमिळनाडू-केरळच्या उंच डोंगरांतल्या सदाहरित जंगलात राहतो. दाजीपूर कुठे आणि ते कुठे!

आपला मलबारी जुळवून घेणारा आहे. दाट रान, तोडीनंतर वाढलेलं रान, कॉफीचे मळे, सगळीकडे तो सापडतो. जून-जुलैत रात्री डबक्यावर झुकलेल्या फांद्या बॅटरीने नीट बघा. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून पांढरा फेस करते, अंडी त्यातच असतात आणि आजूबाजूची पानं त्या फेसाला चिकटतात. पिल्लं बाहेर पडली की टपटप खालच्या पाण्यात पडतात. डबकं मधेच आटलं तर तिथली सगळी वीण गेली.

आता दर्जाचं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत मलबारी 'कमी चिंतेचा' आहे, तर 2004 च्या मूल्यमापनात अनैमलाईचा 'अतिसंकटग्रस्त' ठरला. बेडूक मोजून हा निकाल लागत नाही. प्रजाती किती प्रदेशात पसरली आहे आणि तिथलं रान टिकतंय का, यावर बराच भर असतो. वावर 100 चौरस किलोमीटरपेक्षा कमी, तोही तुकड्या-तुकड्यांत आणि घटत चाललेला असला, की प्रजाती त्या वर्गात जाऊ शकते. अनैमलाईत चहाच्या मळ्यांनी रानाचे तुकडे केलेत. पुढे तो केरळात आणखी ठिकाणी सापडला, म्हणून दर्जा वाचताना मूल्यमापनाचं वर्षही वाचत जा.

पण 'कमी चिंतेचा' हा शिक्का अख्ख्या सह्याद्रीसाठी आहे, तुमच्या त्या डबक्यासाठी नाही. रस्ता रुंद करताना कडेचं डबकं भरलं आणि वरची झाडी छाटली, तर तिथले बेडूक संपतात आणि यादीत अक्षरही बदलत नाही. मला खरी काळजी याची वाटते. शिवाय घाटात रात्री भरधाव गाड्यांखाली किती चिरडतात ते सकाळी रस्त्यावर दिसतंच.

पुन्हा दिसला तर हातात घेऊ नका. त्यांची कातडी ओली आणि नाजूक असते, आपल्या हाताला डास पळवायचं मलम असतं. फेसाच्या खाली पाणी आहे का तेवढं बघा आणि फोटोसोबत तारीख, जागा, खालचं डबकं याची नोंद ठेवा. पडदे उघडलेला पाय, पाठ आणि बाजू असे तीन फोटो मिळाले तर इथेच टाका, मी बघून सांगतो.