चवथीची रजा आणि 'तू'चा घोळ

प्रश्न : मी पेडण्याची, पणजीच्या एका ऑफिसात लागून दोन महिने झाले. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या रात्री ऑफिसच्या ग्रुपवर 'उद्यापासून तीन दिवस नाही' असा मेसेज टाकून गावी गेले. परत आल्यावर सरांनी सगळ्यांसमोर झापलं. सण तर सगळ्यांचाच ना, माझं काय चुकलं?

उत्तर : अगं, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायला घरी जाणं चूक नाही, गोव्यात ते कुणाला समजावून सांगायला लागत नाही. पण ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे कळवणं, रजा मागणं नव्हे. आणि गोवा सरकारच्या यादीत चवथीच्या दुसऱ्या दिवशीचीही सुट्टी असते ती सरकारी ऑफिसांना, तुझ्या कंपनीची यादी वेगळी असू शकते, ती एचआरकडून मागून घे, नेमणूकपत्रात प्रोबेशनमध्ये रजा किती तेही बघ. आता सरांना एकटं गाठून 'सर, आधी विचारायला हवं होतं, चुकलं' एवढंच म्हण, लांबलचक कारणं नकोत. पुढच्या वेळी आठ-दहा दिवस आधी ईमेल कर, हातातलं काम कुणाकडे दिलंय ते त्यातच लिही.

सर चारचौघांत बोलले ते मलाही पटलं नाही, पण दोन महिन्यांत त्यावरून भांडू नकोस.

आणि हो, कोंकणीत आपण मोठ्यांनाही 'तूं' म्हणतो, त्याच सवयीने ऑफिसात पुण्याच्या कुणा मॅडमना मराठीत 'तू कधी येणार' विचारलंस तर त्यांच्या कपाळावर आठी येणार, तिथे 'तुम्ही'च!