वाचकांचे प्रश्न : घोरणे, मशीन आणि वजनाची शस्त्रक्रिया

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा रोख स्लीप ॲप्नियावर, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या विकारावर आहे. त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. मी भूलतज्ज्ञ असल्यामुळे माझे लक्ष शस्त्रक्रियेपेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींकडे अधिक जाते, हे वाचकांनी गृहीत धरावे.

प्रश्न : माझ्या पतींचे वय ४६ वर्षे, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ११८ किलो आहे. स्लीप स्टडीत त्यांचा एएचआय ५२ आला आणि झोपेत ऑक्सिजन ६९ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे दिसले. सर्जननी स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखे करण्याची शस्त्रक्रिया, सुचवली आहे. पण त्याआधी महिना-दीड महिना सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र) लावून झोपण्याची अट घातली आहे. ह्यांचे म्हणणे असे, की वजन उतरल्यावर घोरणे जाणारच आहे, मग इतक्या महागड्या मशीनवर खर्च कशाला करायचा? माझे दीर तर म्हणतात, की ज्याचा श्वास झोपेत अडतो त्याला भूल देणेच धोक्याचे. आम्ही काय करावे? — एक भगिनी, सांगली

उत्तर : आपल्या दिरांची काळजी निराधार नाही, परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. एएचआय ५२ याचा अर्थ असा, की आपल्या पतींचा श्वास झोपेच्या दर तासात सरासरी ५२ वेळा किमान दहा सेकंद थांबतो किंवा फार उथळ होतो. हा आकडा ३० किंवा त्याहून अधिक असला की विकार तीव्र समजतात. त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, जवळजवळ ४२ आहे. अशा रुग्णाच्या बाबतीत स्लीप ॲप्निया हे शस्त्रक्रिया टाळण्याचे नव्हे, तर ती करण्याचे एक कारण मानले जाते. धोका आहे तो विकार माहीत असूनही उपचार न करता टेबलावर जाण्यात.

भूल देताना नेमके काय होते, ते सांगतो. औषध शिरेत गेले की घशाचे आणि जिभेचे स्नायू सैल पडतात. ज्याचा घसा साध्या झोपेतही मिटतो, त्याचा तो येथे अधिकच मिटतो. सडपातळ, निरोगी माणसाला आधी शुद्ध ऑक्सिजन दिला असेल, तर श्वास थांबल्यावरही रक्तातील ऑक्सिजन घातक पातळीला येण्यास साधारण आठ मिनिटे लागतात. स्थूल व्यक्तीत हा अवधी तीन मिनिटांहूनही कमी असतो, कारण पोटाच्या भाराखाली फुप्फुसे दबलेली असतात आणि त्यांतला साठाच तोकडा असतो. म्हणून आम्ही अशा रुग्णाला सपाट निजवत नाही. खांद्यांखाली आणि डोक्याखाली घड्या घातलेल्या चादरी किंवा खास उशी देऊन, कानाचे छिद्र आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत येईपर्यंत वरचे शरीर उचलतो. त्या स्थितीत श्वासनलिकेत नळी घालणे सोपे जाते आणि फुप्फुसांनाही जागा मिळते. शस्त्रक्रिया संपल्यावर नळी काढतो ती रुग्ण पूर्ण जागा होऊन सांगितलेले ऐकू लागल्यावर, डोके उंच ठेवूनच. विकार आधीच कळलेला असेल तर ही सारी तयारी होते.

मात्र माझ्या मते शस्त्रक्रियागृहातले ते दोन तास तुलनेने सुरक्षित असतात, कारण तेथे एक माणूस केवळ श्वासाकडे पाहण्यासाठीच उभा असतो. खरी कसोटी त्यानंतरच्या रात्रींची. वेदना शमवण्यासाठी मॉर्फिनच्या जातीचे औषध दिले, तर श्वासाची प्रेरणा मंदावते आणि गुदमरल्यावर दचकून जागे होण्याची शरीराची सवयही बोथट होते. त्यामुळे शक्य तितके काम पॅरासिटामॉलवर आणि दुर्बिणीने शस्त्रक्रिया करताना पोटावर पाडलेल्या छिद्रांच्या जागी दिलेल्या बधिरतेच्या इंजेक्शनवर भागवतात. त्यातही लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की पहिल्या रात्री रुग्णाला गाढ झोप लागतच नाही; दबलेली स्वप्नांची झोप दुसऱ्या-तिसऱ्या रात्री उसळून येते आणि घसा सर्वाधिक सैल पडतो तो याच झोपेत. आपल्याकडे स्लीव्ह शस्त्रक्रियेचा रुग्ण बहुधा दोन-तीन दिवसांत घरी जातो. म्हणजे सर्वांत जोखमीची रात्र घरच्या पलंगावर येऊ शकते, जेथे मॉनिटर नाही आणि नर्सही नाही. त्या रात्री आपल्या पतींजवळ असेल ते मशीनच.

आता महिनाभर आधीपासून का, हे पाहू. मास्क नाकावर नीट बसणे, हवेच्या दाबाची सवय होणे, तोंड उघडे राहिले तर हनुवटीचा पट्टा लावणे, हे सारे शिकायला काही आठवडे लागतात. पोटावर टाके असताना ते कोणाला जमत नाही. शिवाय वर्षानुवर्षे रोज रात्री ऑक्सिजन उतरत राहिल्याने रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. नियमित मशीन लावल्याने काही आठवड्यांत रक्तदाब थोडा सुधारतो आणि रुग्ण दिवसा ताजातवाना राहतो. या काळात बायकार्बोनेटची साधी रक्तचाचणी करून घ्यावी. तिचा आकडा २७ किंवा त्याहून अधिक आला, तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आहे का, हे धमनीतील रक्त तपासून पाहावे लागते; तसे निघाल्यास काहींना सीपॅपऐवजी बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे मशीन) लागते आणि भूल देण्याचे नियोजनही बदलते.

खर्चाविषयी एवढेच, की मोठ्या शहरांत ही मशीन महिन्याच्या भाड्यानेही मिळतात. लगेच विकत घेण्याचा आग्रह धरू नये. भरती होताना स्वतःचे मशीन आणि स्वतःचा मास्क पिशवीत असलाच पाहिजे. हवेच्या दाबाने पोटातले टाके उसवतील, ही शंकाही अनेक जण विचारतात. ज्या अभ्यासांत हे तपासले गेले, त्यांत मशीन वापरणाऱ्यांमध्ये टाक्यांच्या जागेतून होणाऱ्या गळतीचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. रुग्णालयात जाऊन एक प्रश्न मात्र आवर्जून विचारावा, की रात्री ऑक्सिजनच्या आकड्याकडे सतत कोणाचे लक्ष असेल. ‘नाकाला ऑक्सिजन लावून ठेवू’ हे त्याचे पुरेसे उत्तर नाही, कारण केवळ ऑक्सिजनने आकडा बरा दिसत राहतो आणि श्वास अडल्याचे उशिरा ध्यानात येते.

प्रश्न : मी ३९ वर्षांची आहे, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९६ किलो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तीन आठवड्यांनी माझी वजनासाठीची बायपास शस्त्रक्रिया (जठर लहान करून आतड्याचा मार्ग बदलण्याची) ठरली आहे. सर्व तपासण्या झाल्या, पण स्लीप स्टडी कोणी सांगितली नाही. मी घोरत नाही. मात्र सकाळी डोके जड असते आणि दुपारी ऑफिसमध्ये डोळे मिटतात. ही तपासणी आवश्यक आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : होय, आणि ती तारखेच्या आधी व्हावी. जगभर वापरल्या जाणाऱ्या स्टॉप-बँग प्रश्नावलीत घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास थांबल्याचे कोणी पाहिलेले असणे, रक्तदाब, ३५ हून अधिक बीएमआय, ५० हून अधिक वय, ४० सेंटिमीटरहून अधिक मानेचा घेर आणि पुरुष असणे, अशा आठ बाबींना प्रत्येकी एक गुण असतो. थकवा, रक्तदाब आणि बीएमआय मिळून आपले तीन गुण झालेच. तीन गुणांपासून शंका धरतात. मानेचा घेर शिंप्याच्या टेपने घरी मोजून पाहावा.

स्त्रियांमध्ये हा विकार अनेकदा घोरण्यापेक्षा थकवा, निद्रानाश आणि सकाळची डोकेदुखी या रूपांत समोर येतो, आणि मग त्याचे खापर थायरॉइडवर, घरकामावर किंवा पाळीवर फुटते. शिवाय घोरत नसल्याची साक्ष आपली आपण देऊ शकत नाही. ती शेजारी झोपणाऱ्याने द्यायची असते. बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना हा विकार असतो आणि त्यांतील पुष्कळांना तो ठाऊक नसतो. ही तपासणी यादीतून वगळणे मला योग्य वाटत नाही. बोटाला, नाकाला आणि छातीला संवेदक लावून एका रात्रीत घरीच करता येणारी चाचणी आपल्यासाठी बहुधा पुरेशी ठरेल. तीव्र विकार निघाला, तर तारीख थोडी पुढे ढकलावी लागेल. ही शस्त्रक्रिया तातडीची नाही. ती चाचणी होण्याआधी गुंगीचे इंजेक्शन देऊन एंडोस्कोपी ठरली असेल, तर सकाळच्या डोकेदुखीची आणि दुपारच्या झोपेची गोष्ट तेथील डॉक्टरांनाही सांगावी, कारण गुंगीतही घसा मिटतोच.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. वजन १२६ वरून ९१ किलोवर आले. घोरणे थांबल्याचे पत्नी सांगते. मास्क सैल होऊन हवा डोळ्यांत जाऊ लागली, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मशीन माळ्यावर टाकले. काही बिघडले का? — एक वाचक, पुणे

उत्तर : वजन उतरल्याबद्दल अभिनंदन, पण मशीन खाली काढावे, निदान नवी चाचणी होईपर्यंत. घोरणे हा आवाज आहे आणि विकार श्वासाचा आहे. आवाज गेला म्हणजे श्वासही अडत नाही, असे ठरत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १२ अभ्यासांतील ३४२ रुग्णांचा एकत्रित विचार केला होता. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांचा सरासरी एएचआय सुमारे ५५ होता, नंतर तो १६ वर आला. सुधारणा मोठीच आहे. परंतु १६ हा आकडाही मध्यम तीव्रतेचा विकार दाखवतो. लहान जबडा, मागे सरकलेली हनुवटी, वाढलेले टॉन्सिल किंवा वाढते वय या गोष्टी वजनाबरोबर उतरत नाहीत.

मास्क सैल झाला, याचे कारण चेहरा बारीक झाला. लहान मापाचा मास्क घेतला की हवा डोळ्यांत जाणे थांबते. वजन एवढे उतरल्यावर पूर्वीचा दाब बहुधा अधिक होतो आणि मग हवा गिळली जाऊन ढेकर येतात, पोट फुगते. काहींचे मशीन सुटते ते याच कारणाने. दाब कमी करून घ्यावा किंवा गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलणारे मशीन वापरावे. वजन स्थिरावत आले की मशीन न लावता पुन्हा चाचणी करावी. त्यात एएचआय पाचच्या खाली आला आणि दिवसाची झोपही गेली असेल, तर डॉक्टरांच्या संमतीने मशीन निश्चिंतपणे परत करावे. पुढे वजन पुन्हा दहा-बारा किलोंनी चढले, तर चाचणीही पुन्हा करावी. तोवर रात्री मद्य आणि झोपेची गोळी टाळावी. स्लीव्हनंतर मद्य तसेही पूर्वीपेक्षा लवकर चढते.

प्रश्न : माझा बीएमआय ३७ आहे आणि तीव्र स्लीप ॲप्निया आहे. विमा कंपनी वजनाच्या शस्त्रक्रियेला ‘कॉस्मेटिक’ म्हणून नकार देईल का? आणि आता वजन कमी करणारे टिर्झेपटाइडचे इंजेक्शन आले असताना शस्त्रक्रिया करावीच का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या प्रमाण मजकुरानुसार, डॉक्टरांच्या सल्ल्याने होणारी ही शस्त्रक्रिया १८ वर्षांवरील व्यक्तीचा बीएमआय ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा अधिक असून सोबत गंभीर विकार असल्यास आणि आहार-व्यायामासारखे सौम्य उपाय फसले असल्यास वगळलेली नाही. त्या गंभीर विकारांच्या यादीत तीव्र स्लीप ॲप्नियाचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रतीक्षाकालाची अट मात्र आपल्या पॉलिसीत पाहावी. अर्जाला स्लीप स्टडीचा मूळ अहवाल, पूर्वीच्या उपायांच्या नोंदी आणि सर्जनचे पत्र जोडावे आणि लेखी पूर्वमंजुरी मिळाल्यावरच तारीख ठरवावी.

टिर्झेपटाइडला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी मान्यता दिली. भारतात हे औषध मार्च २०२५ मध्ये बाजारात आले. शस्त्रक्रिया नको असणाऱ्यांसाठी किंवा ती झेपणार नाही अशांसाठी हा खरा पर्याय आहे. परंतु ते थांबवल्यावर वजन बहुतेकांचे पुन्हा वाढते, त्यामुळे अनेक वर्षांच्या खर्चाचा हिशेब आधी मांडावा. ते घेत असताना शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञांना शेवटच्या इंजेक्शनची तारीख अवश्य सांगावी. या औषधाने जठर उशिरा रिकामे होते; रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेले असू शकते आणि भूल देताना ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ही माहिती असेल, तर आधी काही दिवस केवळ द्रव आहार द्यायचा की सोनोग्राफीने जठर पाहून मगच पुढे जायचे, हे आम्हाला वेळेत ठरवता येते.